शेपटीपुरतं गाणं

मुंबईला मी रागाने गेलो आणि रागानेच परत आलो. मधल्या दिवसांत राग फक्त माणसं बदलत होता. आधी एका पोरगेल्या बुवावर, मग एका वॉचमनवर, मग माझ्या जुन्या मित्रावर, आणि शेवटी अशा लोकांवर, ज्यांच्यावर रागवून आता कुणालाच काही मिळणार नाही. ज्यांनी लालबाग-परळ फक्त गणपतीच्या बातम्यांत पाहिलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तिथे काय काय बघावं हे मला विचारू नका. मी जे बघायला गेलो होतो ते तिथे नव्हतं.

कणकवलीच्या अलीकडे, आमचं देऊळ

सुरुवात गावातच झाली. सप्ताह संपताना देवळात डबल बारी ठेवली होती. डबल बारी म्हणजे भजनाचा सामना. दोन बुवा, दोघांच्या मागे आपापला कोरस, आणि देवाचं नाव घेत घेत एकमेकांची उतरवायची. दुसरा बुवा तरणा होता, कपाळभर गंध, बोटांत अंगठ्या. त्याने गजर सुरू केला आणि मी बसल्या जागी ताठ झालो. चाल आमच्या सखाराम बुवांची होती. लालबागच्या आमच्या चाळीतली. शब्द मात्र एका उमेदवाराचे: रस्ता आणला, नळ आणला, पुन्हा निवडून द्या.

"चोर!" मी ओरडलो. देवळात, सप्ताहात, गाभाऱ्यासमोर.

बुवाने पेटी थांबवली. "आजोबांना मूळ गाणं येतंय वाटतं. या आजोबा, म्हणा."

शहाणा माणूस खाली बसला असता. मी गेलो. माईक धरला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "जायचे यमुनातीरी!" मग, "बांधून देते शिदोरी!"

"आजोबा," बुवा म्हणाला, "कोण जायचं? शिदोरी कुणाला? ओळीची सुरुवात कुठाय?"

सुरुवात नव्हती. सुरुवात माझ्याकडे कधीच नव्हती. मी बुवा नव्हे, कोरसवाला. बुवा अख्खी ओळ म्हणतो, आम्ही मागे बसून झांजा बडवतो आणि ओळीची शेपटी उचलतो. लालबाग सोडल्यापासून ते गाणं मी रोज म्हणत आलो, आंघोळ करताना, चक्कीत दळण टाकताना, आणि त्या दिवशी चारशे डोळ्यांसमोर मला कळलं की मी नुसत्या शेपट्या म्हणत होतो. पुढचं जनावर माझ्याकडे नव्हतंच.

बारी संपल्यावर बुवा चहा घेऊन आला. पोरगा वाईट नव्हता, म्हणून जास्तच राग आला. म्हणाला, "चाल लालबागच्या बबनकाकांकडून उचलली. शब्द त्यांनाही येत नाहीत. मग मी माझे घातले."

घरी आल्यावर बायको, सुनंदा, म्हणाली, "ता गाणा त्या मंदाचा ना?"

लग्नाला एवढी वर्षं झाली की खोटं बोलायचा कंटाळा येतो. मी "हो" म्हणालो.

"मग जावा नि घेवन येवा. रोज मोरीत अर्धाच गाणा ऐकान माझे कान किटले. आणि येताना लालबागचो मसालो आणा. गरम असतानाच डब्यात भरू नका."

शीव

भाची शिवला राहते. तिच्या नवऱ्याने फोन काढला. "मामा, शब्द सांगा, लगेच मिळेल." मी 'जायचे यमुनातीरी' सांगितलं. गाणं मिळालं नाही, मथुरा-वृंदावनची यात्रा मिळाली, जेवणासकट. ते लोक मला अजून फोन करतात.

लालबाग

मसाला कुटायच्या गल्लीत शिंकत शिंकत शिरलो आणि पलीकडे बाहेर पडलो तर आमची चाळ नव्हती. नसणार हे माहीत होतं. पण नसणं एवढं उंच असेल असं वाटलं नव्हतं. मान मागे टाकता टाकता टोपी पडली, ती वॉचमनने उचलून दिली.

"किधर जाना है, अंकल? फ्लॅट नंबर?"

"दुसरा माळा, खोली बावीस."

"खोली नहीं है इधर. टॉवर ए या बी?"

"माझा जन्म इथे झालाय!"

"अंकल, रजिस्टर में एंट्री तो करनी पडेगी ना."

मी जन्मदाखल्यापासून सुरुवात केली. तो ऐकून घेत राहिला, कारण उन्हात उभं राहण्याचा त्याला पगार मिळतो. शेवटी त्याने हळूच विचारलं, "पुराने वाले हो? पुराने वालों का गेट पीछे से है."

मागे दुसरी इमारत होती. टॉवरच्या सावलीत अख्खा दिवस उभी असलेली, ठेंगणी, एकमेकांना चिकटलेल्या खिडक्यांची. पुढच्यांना बाग, मागच्यांना बागेची भिंत. ज्यांच्या बापजाद्यांनी गिरणीच्या धुरात खोकून जागा राखली, त्यांना मागचं दार. माझं डोकं तिथेच तापलं, आणि तापल्या डोक्याने मी तिसऱ्या मजल्यावर चुकीच्या घराची बेल वाजवून एका बाईंवर ओरडलो. त्या म्हणाल्या, "बबन सावंत ना? वर. आवाजावरून त्यांचेच दोस्त वाटता."

बबन माझ्याबरोबर कोरसला होता. सुटलेलं पोट आणि गेलेले केस सोडले तर तोच.

"काय रे मेल्या, जिवंत आहेस?" दारातच त्याने विचारलं. "गिरणी बंद पडली म्हणून गावी पळालास, नि तिकडे जाऊन गिरणी टाकलीस म्हणे. कुठली? पिठाची?"

त्याची बायको शालू आतून ओरडली, "आत तर येऊ द्या भावजींना!"

तिने तळलेले बोंबील पुढे ठेवले. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे. गावी ताजे मासे खातो आम्ही, पण बोंबलाचं हे काम लालबागलाच जमतं. तोंड भरलेलं असताना राग टिकत नाही, म्हणून मी भराभर संपवले आणि विचारलं, "बबन, सखाराम बुवांच्या त्या गाण्याची सुरुवात आठवते?"

"आठवते की. 'भोंगा झाला, ऊठ रे कान्हा'..."

"जायचे यमुनातीरी!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

मग दुसरी ओळ. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. "बांधून देते शिदोरी!" पुन्हा दोघं. तिसरीला, "तू का नाही दारी!" शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. दोन कोरसवाले एकत्र आले की गाणं पूर्ण होत नाही, शेपटीच दुप्पट जाड होते.

"आणि शेवटचं कडवं?" मी विचारलं.

बबनचा चेहरा मिटला. "तो गद्दार. त्याचं शेवटचं कडवं मला कशाला?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सखाराम बुवा आमच्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, माझ्या वडिलांच्या शेजारच्या साच्यावर. मंदा त्यांची मुलगी. बुवा गात तेव्हा ती वरच्या गॅलरीत कठड्याला रेलून उभी असायची आणि मी तोंड तिच्याकडे करून झांज वाजवायचो. आमच्यात एवढंच होतं. एकदा जिन्यात ती म्हणाली होती, "झांज तरी तालात वाजव." त्यावर मी वर्षभर जगलो.

गिरण्यांचा संप लांबला. भोंगे बंद झाले, चुली थंडावल्या. आणि एके दिवशी सखाराम बुवा पोलिसांच्या गाडीत बसून गिरणीच्या गेटच्या आत कामावर गेले. चाळीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यातच गणपती आला. चाळीच्या गणपतीपुढे भजन बुवांचं, ही चाळीची रीत. तो मान देवासमोरचा, काढून कोण घेणार? आणि देवासमोरून उठून जायचं तर तोही अपमान. म्हणून कोरस नेहमीसारखा बुवांच्या मागे बसला, झांजा मांडीवर घेऊन. बुवांनी पेटीवर बोट ठेवलं, पहिली ओळ टाकली. कुणी उचलली नाही. दुसरी टाकली. कुणी उचलली नाही. मागे बसलेली सगळी माणसं मूर्तीकडे बघत होती. बुवांनी वळून पाहिलं नाही. मग त्यांनी एक नवंच कडवं टाकलं, आम्ही कधी न ऐकलेलं. मी मंदाकडे बघत होतो. ती कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. ओळीचं पहिलं अर्धं माझ्या कानात शिरलंच नाही. दुसरं शिरलं, आणि मी ते उचललं. एकट्याने. फाटक्या, बेसूर, जीव खाऊन काढलेल्या आवाजात: "घे मजला माघारी!"

तेवढ्यात वडिलांची थप्पड बसली. झांज माझ्या हातून निसटली आणि आवाज करत जिन्यापर्यंत गेली.

दिवाळीच्या आत बुवांनी चाळ सोडली. आम्हीही पुढे गावी गेलो. गिरणी काही उघडली नाही.

"सगळ्यांचं वाटोळं अशा लोकांनीच केलं," बबन म्हणाला.

"सगळ्यांचं? मालकांनी नाही? जमिनीवर टॉवर बुवांनी बांधले?"

"तू शिकवू नको! तू गावी भात लावत होतास, मी इथे गाड्यावर केळी विकत होतो!"

"आणि त्याची चाल? एवढी वर्षं तोंडात गद्दाराची चाल घोळवतोस ती? वर पोरांना शिकवतोस!"

बबन उठला. मीही उठलो. साठी उलटलेल्या दोन माणसांची मारामारी कशी होते ते बघायचं शालूच्या नशिबी नव्हतं. माझा पाय पाटाला अडकला आणि मी सोफ्यावर पडलो. बबन फणफणत बाथरूममध्ये गेला.

शालू जवळ येऊन हळूच म्हणाली, "भावजी, मंदा गिरगावात असते. फणसवाडीच्या अलीकडच्या चाळीत, तळमजला. मोदकांच्या ऑर्डरी घेते. नवरा वारला तिचा, नि बुवा तर केव्हाच."

"तुला कसं माहीत?"

"बोलणं पुरुषांनी टाकलं होतं. आमचा नळ एकच होता."

परळ

गिरगावला सरळ जायचं सोडून मी दुसऱ्या दिवशी वडिलांची गिरणी बघायला गेलो. तिथे आता थंडगार मॉल आहे. चिमणी तेवढी ठेवलीय, रंग देऊन, पायाशी कुंड्या. तरुण पोरं तिच्यासमोर फोटो काढतात. मी आत फिरत राहिलो आणि वडिलांचं साचेखातं कुठे होतं त्याचा अंदाज बांधला: बुटांच्या दुकानात. तिथल्या पोरीने विचारलं, "काय दाखवू सर?" मी म्हणालो, "इथे माझे वडील बहिरे झाले." साच्यांच्या आवाजाने, असं मला म्हणायचं होतं. ती बिचारी घाबरली, मॅनेजरला बोलावून आणलं, त्याने मला पाणी दिलं आणि मऊ तळव्यांचे बूट दाखवले. मी घालूनही पाहिले. मला चावले. एवढा रागावलेला माणूस एवढा विनोदी दिसू नये, पण आरसा समोरच होता.

वडिलांना शेवटपर्यंत हिशेबाचे पैसे मिळाले नाहीत. शेजारच्या साच्यावरचा माणूस आत गेला म्हणून ते मरेपर्यंत त्याला शिव्या देत राहिले. ज्याने दोन्ही साचे भंगारात घातले त्याचं नावसुद्धा त्यांना नीट घेता यायचं नाही.

गिरगाव

गिरगावात पोचलो तेव्हा चाळीच्या चौकात दुपारची उन्हं उतरत होती आणि तळमजल्यावरून वेलदोड्याचा वास येत होता. वासाच्या मागे गेलो. एक बाई पाटावर बसून मोदकाला पाकळ्या काढत होती. केस पांढरे. वर न बघता म्हणाली, "ऑर्डर आजची आज मिळणार नाही."

"मंदा, मी दिगू. दिगंबर. लालबागचा."

पाकळी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, एकदा वरून खाली. मला वाटलं, आता हसेल.

"तू? लाज नाही वाटली दारात यायला?"

एवढी वर्षं या भेटीची मी तालीम केली होती. त्यात हे वाक्य नव्हतं.

"मी काय केलं? मी तर... सगळे गप्प असताना मी एकट्याने ओळ उचलली होती!"

"हो ना! सगळे गप्प बसले ते परवडलं. तू वेडावलंस. बारीत समोरचा कोरस वेडावून दाखवतो तसं, मुद्दाम बेसूर. माझे बाबा म्हणाले, ह्यांनी सगळ्यांत घाणेरड्या आवाजाचा पोरगा निवडून ठेवला होता, माझा पाणउतारा करायला."

"मंदा, तो माझा खरा आवाज होता."

तिने हातातला मोदक खाली ठेवला.

"मुद्दाम नव्हता बेसूर. मी असाच आहे. हवं तर आता म्हणून दाखवतो." आणि मी म्हणून दाखवलं. चौकातलं एक मांजर उठून गेलं.

मंदाने कपाळाला हात लावला, तांदळाच्या उकडीसकट. "अरे देवा. हाच. हाच आवाज."

"वडिलांनी मला त्यासाठी थोबाडलं. त्यांना वाटलं, मी बुवांच्या बाजूचा. तुम्हाला वाटलं, मी त्यांच्या. एका ओळीसाठी दोन्हीकडून मार खाल्लेला कोरसवाला अख्ख्या गिरणगावात दुसरा नसेल."

ती हसली नाही. दुसरा पाट पुढे सरकवला, म्हणजे बस. मी बसलो. मग ती बोलत राहिली आणि हात मोदक करत राहिले. पाकळ्या मात्र जोरात दाबल्या जाऊ लागल्या.

"तुम्ही सगळे संपात ताठ मानेने राहिलात. राहणारच. तुम्हाला गाव होतं. पोरं-बायका गावी धाडल्या, तिकडून तांदूळ आले. बाबांना गाव कुठे होतं? आजोबांच्या वेळीच गावची जमीन गेलेली. आमचं गाव म्हणजे तीच खोली. आई आजारी, आणि घरात खायला काही नाही. हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. विचारायला एक तरी आला?"

आमच्या घरी त्या वर्षी गावचा तांदूळ आला होता. लाल, उकडा. त्याचा वाससुद्धा मला आठवला आणि मी कुणावर रागावू ते कळेना.

"मंदा, मला ते गाणं हवंय. पूर्ण."

"कशाला?"

मी देवळातला तमाशा सांगितला. 'कोण जायचं, शिदोरी कुणाला' या ठिकाणी तिच्या तोंडाचा कोपरा हलला. उमेदवाराच्या ठिकाणी तो परत सरळ झाला.

"मी म्हणते. तू मागून उचल. जमेल तसं."

तिने पेटी घेतली नाही, परातीच्या कडेवर बोटांनी ठेका धरला.

"भोंगा झाला, ऊठ रे कान्हा..." मी उचललं, जायचे यमुनातीरी. "दूध तापले, भाकर झाली..." बांधून देते शिदोरी. "गाई आल्या, दिवे लागले..." तू का नाही दारी. बघा, एवढं साधं होतं. पहिल्या पाळीला जाणाऱ्या पोराला आई उठवते, दिवस मावळतो, तो येत नाही. मी इतकी वर्षं 'तू का नाही दारी' हे मंदा मला उद्देशून म्हणतेय असं समजून आंघोळ करत होतो.

"आणि शेवटचं?"

तिची बोटं थांबली. "ते नाही. बाबा त्यानंतर पुन्हा गायलेच नाहीत. मला मात्र ते पाठ आहे. पण ते एकट्याने उचलायचं नाही. एकट्याने उचललं की काय होतं ते तू दाखवलंयस. त्या बबनला घेऊन ये, मग देते."

पुन्हा लालबाग, पुन्हा गिरगाव

बबन म्हणाला, "मेलो तरी येणार नाही."

शालू म्हणाली, "मग मरा, पण मोदक घेऊन या. संकष्टीला मी मंदाकडेच सांगितलेत."

हा डाव तिने तिथल्या तिथे रचला की आधीपासून रचलेला होता, ते मला अजून कळलेलं नाही. बबन टॅक्सीत पूर्ण वेळ माझ्याकडे पाठ करून बसला, म्हणजे चुकून दरवाजाशी बोलत राहिला. "आत जाणार नाही. बाहेर थांबणार. डबा घेणार नि निघणार."

तसंच केलं त्याने. चाळीच्या गॅलरीत उभा राहिला, खोलीकडे पाठ, चौकाकडे तोंड. मंदाने त्याला हाक मारली नाही. मला तेवढं आत बोलावलं आणि हातात गरम मोदक ठेवला, वर तुपाची धार.

"ऐक," ती म्हणाली, मला की त्याला कोण जाणे. "यात बाबांनी एक शब्द घातलाय तो मला कधी पटला नाही. त्यांचा काही दोष नव्हता. पण ओळ त्यांची आहे, मी बदलणार नाही."

आणि परातीच्या कडेवर बोटं वाजू लागली. पहिली तीन कडवी तिने माझ्या भरवशावर काढली. मी उचलत गेलो. मग ती थांबली, श्वास घेतला, आणि ज्या अर्ध्या ओळीसाठी मी घर सोडलं होतं ती आली:

"वाट चुकलो, सखा म्हणे रे..."

परातीवर ठेका चालू होता, एक आवर्तन, दुसरं. बाहेर कठड्यावर बबनची बोटं पांढरी झालेली दिसत होती. मंदाने ओळ पुन्हा टाकली, आवाज न चढवता. वाट चुकलो, सखा म्हणे रे.

आणि बबनने उचलली. न वळता, चौकाकडे तोंड करून, संतापलेल्या माणसासारखा, जुन्या कोरसच्या पूर्ण छातीने, सुरात: "घे मजला माघारी!" वरच्या माळ्यावरून दोन डोकी डोकावली. त्याने पुन्हा उचलली. आणि पुन्हा. परात थांबली तरी तो थांबेना.

मी मात्र उचलली नाही. ज्या ओळीसाठी आलो होतो ती माझ्या डोळ्यांदेखत गेली, आणि माझ्या नाकात आमच्या घरच्या त्या लाल तांदळाचा वास.

"आता का गप्प?" मंदाने विचारलं.

परतताना टॅक्सीत बबननेही तेच विचारलं, या वेळी माझ्याकडे तोंड करून. मी म्हणालो, तोंडात मोदक होता.

मोदक केव्हाच गिळून झाला होता.